पर्यावरणाचा गाजावाजा ओसरतो, पण चळवळ टिकते कशी?

२०२५ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं, की देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता आता सौर, पवन, जल, अणू अशा स्रोतांची झाली आहे. उद्दिष्ट २०३० सालचं होतं, ते पाच वर्षं आधी गाठलं गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘नेट झीरो बँकिंग अलायन्स’ ही जगातल्या मोठमोठ्या बँकांची आघाडी गुंडाळली गेली. आपण ज्यांना कर्ज देतो त्या उद्योगांचं कार्बन उत्सर्जन २०५० पर्यंत निव्वळ शून्यावर आणायला हातभार लावू, असा शब्द देऊन ती २०२१ मध्ये उभी राहिली होती. डोनाल्ड ट्रम्प पुन्हा निवडून आले, अमेरिकेतल्या बड्या बँका एकामागोमाग एक बाहेर पडल्या आणि साडेचार वर्षांत कारभार आटोपला.

या दोन बातम्या शेजारीशेजारी वाचणारा माणूस गोंधळून जातो. हरित उद्योग, शाश्वत विकास ही एक लाट होती आणि ती ओसरली असं म्हणावं, तर पहिली बातमी आडवी येते. चळवळ जोमात आहे असं म्हणावं, तर दुसरी. माझ्या मते हा गोंधळ सुटायला एकच गोष्ट पाहावी लागते: पर्यावरणाचा आग्रह नेमका कशात उतरला आहे? कायद्यात, विजेच्या दरात, खरेदीच्या अटींत उतरला असेल तर तो सरकारं बदलली तरी सहसा टिकतो. नुसता कंपनीच्या संकल्पपत्रात राहिला असेल तर वारं फिरलं की जातो. आणि तो कायद्यात किंवा दरात आपसूक उतरत नाही. त्यासाठी कुणीतरी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या असतात.

अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७२ साली सार्वजनिक प्रश्नांच्या आयुष्याचा एक क्रम मांडला होता. प्रश्न आधी असतोच, पण कुणाचं लक्ष नसतं. मग एखादी घटना घडते आणि लोक खडबडून जागे होतात. आता हे सोडवायचंच, असा उत्साह येतो. त्यानंतर ते सोडवायला किती पैसा लागेल आणि कुणाला काय सोडावं लागेल हे उमगतं, उत्साह मावळतो, लक्ष दुसरीकडे जातं. पर्यावरणाबद्दल त्याने हे लिहिलं तेव्हा अमेरिकेत त्या विषयाची हवा होती. १९७० च्या २२ एप्रिलला पहिल्या वसुंधरा दिनी सुमारे दोन कोटी लोक रस्त्यावर आले होते.

डाउन्सचा क्रम पुष्कळांना माहीत असतो, पण त्यातला शेवटचा मुद्दा सहसा सांगितला जात नाही. लक्ष उडालं तरी प्रश्न पहिल्यासारखा अनाथ होत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. उत्साहाच्या काळात स्थापन झालेल्या संस्था, केलेले कायदे, सुरू झालेल्या योजना मागे राहतात आणि आपलं काम करत राहतात. १९७० मध्येच अमेरिकेत स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि पर्यावरण संरक्षणाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. त्यावर सही करणारे अध्यक्ष निक्सन काही पर्यावरणवादी म्हणून ओळखले जात नव्हते. लोकांचा रेटा होता तोवर जे कागदावर आलं, त्याने पुढची पन्नासहून अधिक वर्षं कारखान्यांच्या धुराड्यांना बांधून ठेवलं.

आपल्याकडे असा क्षण भोपाळने आणला. १९८४ च्या डिसेंबरमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं गेली. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा आला. आज एखाद्या धरणाला, खाणीला किंवा कारखान्याला जी पर्यावरण मंजुरी लागते, ती याच कायद्याखालच्या अधिसूचनांमुळे. कायद्यामागे किती मोठा शोक होता हे आज अर्ज भरणाऱ्याला आठवतही नसेल, पण अर्ज त्याला भरावाच लागतो.

कायदा झाला म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. कायद्यापासून गटारापर्यंतचं अंतर किती असतं आणि ते कसं कापलं जातं, हे पाहायला तमिळनाडूतल्या तिरुप्पूरसारखं दुसरं गाव नाही. म्हणून तिथे जरा थांबू.

तिरुप्पूर म्हणजे होजिअरीचं गाव. देशातून परदेशी जाणारे टी-शर्ट, बनियन, लहान मुलांचे कपडे यांपैकी निम्म्याहून अधिक माल या एका शहराच्या पट्ट्यातून जातो. सुती कापडावर रंग नीट चढावा म्हणून रंगाच्या टाकीत भरपूर मीठ घालावं लागतं. कापड धुतल्यावर रंग आणि मीठ दोन्ही पाण्यातून बाहेर पडतात. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून आरडाओरडा त्याचा होतो, पण जमीन मारतं ते मीठ. साध्या प्रक्रिया केंद्रातून रंग बराचसा निघतो, मीठ मात्र पाण्यात विरघळलेलं राहतं.

शेकडो रंगाई कारखान्यांचं हे पाणी वर्षानुवर्षं नोय्यल नदीत जात राहिलं. नदीच्या खालच्या अंगाला ओरथुपाळयम इथे १९९२ मध्ये शेतीसाठी धरण बांधलं गेलं होतं. काही वर्षांतच त्यात शेतीचं पाणी साठण्याऐवजी कारखान्यांचं सांडपाणी साठू लागलं. विहिरी खारावल्या, पिकं बसली. ज्यांच्यासाठी धरण बांधलं तेच शेतकरी धरणाला वैतागले. शेवटी त्यांची संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली.

न्यायालयाच्या हाती तोवर एक भक्कम आधार आला होता. १९९६ साली तमिळनाडूतल्याच वेल्लोरच्या चर्मोद्योगाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी’ हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग असल्याचं सांगितलं होतं. नोय्यलच्या प्रकरणात २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आदेश दिला: सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर जाता कामा नये, भरपाई द्या, नदी साफ करा. मुदती गेल्या, आदेश धड पाळला गेला नाही. मग २०११ च्या जानेवारीत न्यायालयाने सगळे रंगाई कारखाने बंद करायला सांगितले आणि त्यांची वीज तोडली गेली. सातशेहून अधिक कारखाने एका फटक्यात थांबले. हजारो कामगार घरी बसले, निर्यातदारांनी रंगाईची कामं दुसऱ्या गावांत नेली आणि ‘पर्यावरणापायी गाव बुडालं’ असं उघडपणे बोललं गेलं.

गाव बुडालं नाही. राज्य सरकारने बिनव्याजी कर्ज दिलं, उद्योगाने पैसे घातले आणि सामूहिक प्रक्रिया केंद्रांमध्ये नवी यंत्रणा बसली. आधी जिवाणूंकडून सेंद्रिय घाण काढायची, मग पाणी दाबाने बारीक पडद्यांतून गाळायचं, म्हणजे घरच्या आरओचंच महाकाय रूप. उरलेलं अतिखारट पाणी उकळून आटवायचं. पाणी पुन्हा रंगाईला जातं आणि वेगळं काढलेलं मीठही पुन्हा रंगाच्या टाकीत जातं. नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी परत मिळतं. हे स्वस्त नाही; आटवायला इंधन आणि वीज खूप लागते आणि रंगाईचा दर त्यामुळे चढतो. पण आज तिरुप्पूरचे निर्यातदार युरोपातल्या ग्राहकाला हीच गोष्ट अभिमानाने दाखवतात. आमच्याकडे पाणी बाहेर जात नाही, हे त्यांचं विक्रीचं बोलणं झालं आहे.

यात कोण जिंकलं, असं विचारलं तर उत्तर सरळ नाही. खारावलेली सगळी जमीन काही परत आली नाही. पण चळवळ टिकण्याच्या दृष्टीने एक फार मोठी गोष्ट झाली. आता हा नियम उठवा, म्हणून सगळा उद्योग एका आवाजात मागणी करील ही शक्यता कमी झाली. ज्यांनी कर्ज काढून यंत्रणा बसवली, त्यांना शेजारच्या गावातल्या कारखान्याने फुकटात सांडपाणी सोडलेलं परवडत नाही. एकेकाळी नियमाशी भांडणारे आता तो नियम सर्वांना लावा म्हणून भांडतात.

पंचगंगेकाठचा, विशेषतः इचलकरंजीकडचा वाचक हे वाचताना आपल्या नदीचा विचार करील आणि त्याने तो करावाच. रंगाई, प्रोसेसिंग, सांडपाणी, नदी आणि खालच्या अंगाची गावं, सगळं तेच आहे.

कायद्यानंतर दुसरा टिकाऊ आधार म्हणजे पैसा. इथे आकडेच बोलके आहेत. २०१० च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय सौर अभियानाच्या लिलावात सौर विजेला सर्वांत कमी बोली लागली ती युनिटला १० रुपये ९५ पैशांची. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला इथे ती २ रुपये ४४ पैशांवर आली आणि २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैशांवर. दहा वर्षांत दर पाचव्या हिश्शाच्याही खाली. महागात वीज घेऊन सुरुवातीला हा उद्योग उभा करणारी सरकारं, जर्मनीची, चीनची, आपलीही, तेव्हा वेड्यात काढली जात होती. त्या काळात उचललेला खर्चच आजच्या स्वस्त दराच्या मुळाशी आहे.

दर इतका उतरला की मग विचारसरणी गौण ठरते. अमेरिकेत तेलासाठी प्रसिद्ध असलेलं, रिपब्लिकन पक्षाचं टेक्सास राज्य पवनऊर्जेत देशात पहिलं आहे. तिथला जमीनमालक पवनचक्की उभी करू देतो ती वर्षाचं भाडं मिळतं म्हणून.

आपल्याकडे हाच प्रकार शेतीपंपाच्या बाबतीत पाहायला मिळतो. शेतीची वीज पाळीपाळीने येते, दिवसा काही दिवस आणि रात्री काही दिवस. रात्रपाळी असली की शेतकऱ्याला अंधारात बॅटरी घेऊन बांधावरून जावं लागतं, पाटाच्या पाण्याची दारं मोडावी लागतात, साप-विंचवाची, बिबट्याची भीती वेगळीच. थंडीत पहाटे तीनला उसाला पाणी देणारा माणूस ‘आम्हाला हरित ऊर्जा द्या’ अशी मागणी करत नाही. त्याची मागणी कित्येक वर्षांपासून एकच आहे: दिवसा वीज द्या. आणि दिवसा वीज देण्याचा सगळ्यांत सोपा मार्ग सूर्यच आहे.

दुसऱ्या बाजूला वीज कंपनीचा हिशेब आहे. शेतीला सवलतीत वीज द्यायची म्हणून तो भार उद्योगांच्या आणि व्यापाऱ्यांच्या बिलावर टाकावा लागतो आणि राज्य सरकारला अनुदान मोजावं लागतं. लांबून आणलेली महागडी वीज तोट्यात देण्याऐवजी गावाजवळच्या उपकेंद्रालाच सौर प्रकल्प जोडला, तर वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ या हिशेबावर उभी आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के, बाकीचं अनुदान. या योजनांच्या अंमलबजावणीत अडचणी आहेत, पंप मिळायला उशीर होतो, बिघाड झाला की दुरुस्तीला माणूस लवकर येत नाही, अशा तक्रारी गावोगाव ऐकू येतात आणि त्या खऱ्या आहेत. तरीही शेतकरी, वीज कंपनी, उद्योग आणि सरकार अशा चौघांचाही फायदा एकाच दिशेला असेल, तर ती गोष्ट उद्याच्या निवडणुकीनंतर मागे घेणं कुणालाच सोपं नसतं.

इथे एक सावधगिरी हवी. निम्मी क्षमता म्हणजे निम्मी वीज नव्हे. सूर्य रात्री नसतो, वारा रोज सारखा वाहत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सुमारे सत्तर टक्के आहे. जाहिरातीत क्षमतेचा आकडा दिसला, की प्रत्यक्ष विजेचा आकडा विचारायची सवय आपण लावून घ्यायला हवी.

तिसरा आधार सर्वांत रुक्ष आहे, पण येत्या काळात त्याचाच जोर जास्त असेल असं मला वाटतं. तो म्हणजे गिऱ्हाइकाने घातलेली अट.

समजा, चाकणचा एक छोटा कारखानदार नटबोल्ट करून जर्मनीला पाठवतो. आजवर तिकडून माप, मजबुती, किंमत आणि तारीख एवढंच विचारलं जाई. आता मेलवर आणखी एक तक्ता येतो. तुझ्या भट्टीत किती इंधन जळलं? पोलाद कोणत्या कारखान्याचं घेतलं? एक टन पोलाद बनताना किती टन कार्बन डायऑक्साइड सुटला? यामागे युरोपीय संघाचा ‘सीबॅम’ नावाचा नियम आहे, म्हणजे सीमेवरचा कार्बन आकार. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज यांना तो लागू आहे, आणि नटबोल्ट पोलादाच्या यादीत येतात. २०२३ च्या ऑक्टोबरपासून नुसती माहिती द्यायची होती. १ जानेवारी २०२६ पासून आत येणाऱ्या मालावर प्रत्यक्ष आकार लागू झाला आहे. तो भरायचा आहे तिकडच्या आयातदाराने. पण आपल्या कारखानदाराने खरे आकडे दिले नाहीत, तर युरोपने ठरवलेले चढे आकडे धरले जातात, माल महाग पडतो आणि आयातदार दुसरीकडे पाहू लागतो.

आता गंमत बघा, बोल्टच्या उत्सर्जनाचा मोठा भाग बोल्ट करताना होत नाही, तो पोलाद वितळवताना आधीच झालेला असतो. म्हणजे चाकणच्या माणसाला आकडे मागायला पोलाद कारखान्याकडे जावं लागतं. तो कारखाना मोठा असला तरी त्याला उत्तर द्यावं लागतं, कारण असे विचारणारे शेकडो आहेत. युरोपातला नियम असा साखळीतून तिसऱ्याच गावात पोहोचतो. भारत सरकारचा या आकारावर आक्षेप आहे आणि तो मला रास्त वाटतो: दीडशे-दोनशे वर्षं कोळसा जाळून श्रीमंत झालेल्या देशांनी आजच्या गरीब देशाच्या छोट्या कारखानदाराकडून तोच हिशेब मागावा, यात न्याय कुठे आहे? पण आक्षेप योग्य असला तरी तक्ता भरावाच लागतो. आणि एकदा मोजायला लागलं, की इंधन कुठे वाया जातंय तेही दिसायला लागतं.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना पाणी, वीज, कचरा, उत्सर्जन यांचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला, तोही याच वाटेवरचा आहे. अहवाल म्हणजे सुधारणा नव्हे. पण या वर्षी छापलेला आकडा पुढच्या वर्षी लपवता येत नाही, एवढा तरी वचक त्यातून बसतो.

आता पुन्हा बँकांच्या आघाडीकडे बघा. तिचं सदस्यत्व ऐच्छिक होतं. शब्द मोडला तर दंड नव्हता, शब्द पाळला तर गिऱ्हाईक जास्त मिळेल याची खात्री नव्हती. जोवर ते नाव प्रतिष्ठेचं होतं तोवर सगळे आत होते. ते नाव राजकीय अडचणीचं ठरलं, तसे बाहेर पडले. ब्लॅकरॉक या बलाढ्य गुंतवणूक कंपनीच्या प्रमुखांनी २०२० मध्ये कंपन्यांच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात हवामानबदलाबद्दल मोठी हाक दिली होती आणि २०२५ च्या जानेवारीत हीच कंपनी अशा एका आघाडीतून बाहेर पडली. अशांना ढोंगी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला त्यापेक्षा महत्त्वाचं हे वाटतं, की त्यांना थांबवून ठेवणारं काही नव्हतंच.

नियम असूनही सुटून जाणाऱ्या गोष्टीही आहेत. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन महिने कैद. जूनमध्ये कारवाई सुरू झाली तेव्हा बाजारात खरंच कापडी पिशव्या दिसू लागल्या होत्या. आज भाजीबाजारात काय दिसतं ते सांगायला नको. दंड भाजीवालीवर होता. पिशवी बनवणारा कारखाना बराचसा नजरेआड राहिला, स्वस्त पर्याय तिच्या हाती दिला गेला नाही आणि गिऱ्हाईक तर पिशवी मागतच होतं. नियम पाळून कुणाचाच फायदा नसेल आणि मोडून कुणालाच अडचण नसेल, तर तो फक्त कागदावर राहतो.

आणि कधीकधी कागदावरूनही जातो. औष्णिक वीज केंद्रांच्या धुरातून सल्फर डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे अतिसूक्ष्म कण होतात आणि ते फुप्फुसात खोलवर जातात. हा वायू धुरातून धुऊन काढणारी यंत्रणा बसवा, असा नियम केंद्र सरकारने २०१५ मध्ये केला. मूळ मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हापुन्हा वाढवली गेली आणि २०२५ च्या जुलैमध्ये देशातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक केंद्रांना यातून सूटच दिली गेली. आपल्या कोळशात गंधक कमी आहे, यंत्रणा महाग आहे, वीज महागेल, अशी कारणं दिली गेली. दिल्ली परिसराजवळच्या आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहरांजवळच्या केंद्रांना मात्र ती बसवावीच लागेल.

तिरुप्पूरच्या उलट इथे एकही हिशेब यंत्रणेच्या बाजूने नव्हता. वीज विकत घेणारा कोणीही धुराबद्दल विचारत नाही. बसवणाऱ्याला बाजारात जास्त भाव मिळत नाही. धुराचा खर्च केंद्राच्या ताळेबंदात येत नाही, तो जवळपासच्या दवाखान्यांच्या बिलांत विखुरलेला असतो.

चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं केंद्र राज्यातल्या सर्वांत मोठ्या वीज केंद्रांपैकी आहे आणि चंद्रपूर हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतलं गंभीर प्रदूषित क्षेत्र. अशी ठिकाणं नव्या नियमात मधल्या गटात आहेत: सक्ती नाही, सरसकट सूटही नाही, तज्ज्ञ समिती एकेका केंद्राचं पाहून ठरवणार. तिथले डॉक्टर, पालक आणि कार्यकर्ते यांनी आपल्या भागातल्या हवेच्या रोजच्या नोंदी आणि श्वसनविकारांचे आकडे घेऊन या समितीपुढे जायला हवं, आणि बाकीच्या महाराष्ट्राने, जो त्याच विजेवर दिवे लावतो, त्यांच्या मागे उभं राहायला हवं.